आटवलेलं पाणी

साळुबाईनं एखादं काम अंगावर घेतलं की दुसऱ्या कुणाला ती त्याला हात लावू द्यायची नाही. अवसरी गावात या स्वभावाची थट्टा व्हायची, पण घरात बाळंतपण निघालं की थट्टा करणारेच तिला बोलवायला यायचे. तरुणपणी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून ती भावाकडे, संपतकडे राहत होती. त्याला फार वर्षांनी मुलगी झाली, आणि साळुबाईनं ती तळहातावरच्या फोडासारखी जपायला घेतली.

भावजय भागूला बाळंतपणात ताप भरला. तापातलं दूध पोरीला बाधेल, असं साळुबाईनं ठरवून टाकलं. संपतनं पुण्याहून दुधाच्या पावडरीचा डबा आणला. आता पाणीही तसंच चांगलं हवं. नदीचं गढूळ, गावच्या विहिरीत सतरा घरच्या घागरी बुडतात, म्हणून तिनं गोठ्यामागच्या आडाचं पाणी धरलं. ते अगदी नितळ होतं. शेजारी उकिरडा होता, पण तो तिच्या आठवणीआधीपासून तिथंच होता. बाळंतिणीला आटवलेलं पाणी द्यायची रीत तिनं पोरीलाही लावली. तपेलं चुलीवर चढवायचं आणि पाणी निम्मं होईस्तोवर जागचं हलायचं नाही.

भागूचा ताप उतरला, तिला पान्हा फुटू लागला. पोरीला पाजू का, असं तिनं विचारलं, तर ताप अंगात मुरलेला असतो, असं सांगून साळुबाईनं तिला गप्प केलं. वन्संच्या शब्दापुढं त्या गरीब बाईचं काय चालणार?

मग पोरीचे ओठ सावळे पडले. नखं जांभळी झाली, रडणंही मंदावलं. साळुबाईनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. पाण्यातच काही राहून जात असेल, अशी शंका तिला आली, आणि ती खरी होती. पण उपाय तिनं आपल्या रीतीनं केला. निम्म्याऐवजी पाव उरेस्तोवर ती पाणी आटवू लागली.

भागूनं हात जोडले. "वन्सं, एकडाव मला पाजू द्या. डबा नगं आता."

"तुझ्या तापानंच पोरीचं हे झालंय," साळुबाई म्हणाली. "गप ऱ्हा."

मंचरच्या डॉक्टरांकडं नेली तेव्हा पोर निळीकाळी पडली होती. सुईनं काढलेलं रक्त काकवीच्या रंगाचं निघालं. त्यांनी लगोलग औषध टोचलं, पण वेळ निघून गेली होती. संपत उठून बाहेर बैलगाडीपाशी जाऊन उभा राहिला. साळुबाई मात्र हलेना. असं कशानं झालं, ते तिला कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी डबा, पाणी, आड, उकिरडा सगळं खोदून विचारलं आणि सावकाश सांगितलं. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं, आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायला घडलेलं. जन्मल्यावरही काही महिने तेच अंगात खेळतं. उकिरड्यातून आडात झिरपलेला खार या कोवळ्या रक्ताला फार लवकर बिघडवतो, मग ते अंगाला प्राणवायू पोचवत नाही. मोठी माणसं तेच पाणी पिऊन धडधाकट राहतात.

"पन म्या उकळलं व्हतं," साळुबाई म्हणाली. "आटवून आटवून दिलं."

"उकळून जंतू मरतात, बाई. खार जात नाही. पाणी आटेल तसा तो वाढतच जातो."

"आन आईचं दूध?"

"ते चाललं असतं."

जितक्या मायेनं ती चुलीपुढं बसली होती, तितकं वाईट तिनं पोरीच्या तोंडात घातलं होतं. वाटेत संपतनं काही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

घरी भागू येईल त्या बाईला एकच सांगत होती, की माझ्या तापानं पोर खाल्ली. साळुबाई गप्प राहिली असती तरी कुणी तिला विचारणार नव्हतं. बाया उठून गेल्यावर ती भागूपाशी टेकली.

"तुझ्या तापाचा दोष नव्हता, भागे. माझ्या आटवलेल्या पान्याचा व्हता. तुझं दूध चाललं असतं, असं दागदर म्हनलं."

भागूची चोळी पान्ह्यानं भिजली होती. तिनं पदर पुढं ओढून घेतला. ती रागावली नाही, ओरडलीही नाही.

"मी मागत व्हते, वन्सं," एवढंच ती म्हणाली.