वरची खिडकी

माझ्या तोंडाला कुलूप नाय, असं माझी सासू म्हणायची. खरंच म्हणायची. पण त्या दिवशी मी खोटं काय बोलले ओ? जे होतं तेच बोलले.

आमच्या ह्यांना, म्हंजे खंडेरावांना, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं. छातीचं दुखणं. नाशिकच्या डॉक्टरनं बजावलेलं, जिने चढायचे नाय आन संतापायचं नाय. आता संतापायचं नाय म्हंजे ह्यांनी करायचं काय दिवसभर?

दवाखाना हे एक निमित्त. माझ्या मनात दुसरंच होतं. आमचा योगेश तिकडं मुंबईत नोकरीला. त्यानं रूपालीशी परस्पर कोर्टात लग्न केलं, तवा हे म्हणाले, "तू मला मेलास." तो बी ह्यांचाच लेक. म्हणाला, "मग तुम्ही बी मला मेलात, नाना." तेव्हापासून बापलेकात शब्द नाय. मला एकच पाहिजे होतं, हे हायेत तवर दोघांनी एकदा बोलावं. योगेश स्टेशनावर घ्यायला येतोय, असं मी भीत भीत सांगितलं, तर हे नुसतं "हूं" म्हणाले. पण पहाटे मळ्यात जाऊन अबोली खुडून आणली, स्वतः गजरा गुंफला आन केळीच्या पानात बांधला. "कुणाला ओ?" म्हणलं, तर म्हणाले, "तुला काय करायचंय?" मनात लाडू फुटत होते माझ्या.

गाडी नवी, दोन मजल्यांची. तिकीट योगेशनंच मोबाईलवर पाठवलेलं, बापाला जिना नको म्हणून खालच्या मजल्याचं. लय भारी गाडी. गार हवा, मागं कलणारी खुर्ची, पाय टेकवायला दांडी, पुढच्या खुर्चीच्या पाठीतून उघडणारा पाट, त्यावर चहा-नाश्ता आणून देतात. फोन चार्ज करायची सोय बी. वर पडद्यावर पुढच्या स्टेशनाचं नाव. मी हरखून सगळं हात लावून बघत होते.

पण खालची खिडकी येते बरोबर फलाटाच्या उंचीला. नाशिकरोडला बाहेर पाह्यलं तर नुसत्या चपला, बूट आन बॅगांची चाकं. माणसाचं तोंड काय दिसंना.

"हे काय?" हे म्हणाले. "फूलबाजारात जन्मभर जमिनीवर बसून लोकांचे पायच बघितले. आता गाडीत बसून बी पायच बघू?"

"गाडी सुटली की झाडं दिसतील. बसा गप."

देवळालीला गाडी थांबली, पुन्हा पायच. झालं, ह्यांचं डोकं सटकलं. "वर खिडक्या रिकाम्या हायेत, मी पाह्यल्यात. मी चाललो."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरला बसव इथं."

"मग जा! जा एकदाचे वर!" मी भडकून बोलले. गेले. पानातला गजरा उचलला आन कठड्याला धरून चढत गेले. मी रागानं मागं बी वळून पाह्यलं नाय.

इगतपुरीला गाडी थांबलेली. नुकताच चहा आलेला, त्यात फोन वाजला. योगेश.

"आई, नाना कुठं आहेत?"

"वर गेले," मी चहा फुंकत म्हणलं.

पलीकडं पोरगं हमसून हमसून रडायला लागलं. "कधी? आई, कधी गेले गं? मी... मी त्यांना मेलात म्हणालो होतो."

मला आधी कळंनाच. मग ध्यानात आलं आन मेलं हसूच फुटलं. "अरे मुडद्या, वरच्या मजल्यावर गेले! तूच तिकीट काढलंस ना, गाडीला दोन मजले नायत का?"

तो रडता रडता हसला. "असं कुणी बोलतं का गं आई? जीव गेला असता माझा." मग नाक ओढत म्हणाला, "दे त्यांना फोन. आत्ताच दे. स्टेशनापर्यंत नाही दम निघत मला."

देव पावला बाई, असं झालं मला. चहा तसाच टाकला. गाडी हलली होती. एका हातात चालू फोन, दुसरा हात कठड्याला, गुडघे कुरकुरतायत आन मी म्हणतेय, "ठेवू नको हां, आलेच."

वर लख्ख उजेड होता. हे खिडकीशी बसलेले, खुर्ची मागं कललेली, पाय दांडीवर. पाटावर पान उघडून गजरा मांडलेला. शेजारच्या पोरीनं कानातला हेडफोन काढला. "आजी, आजोबांना झोप लागलीये. मघाशी खूप खुशीत होते. सुनेला गजरा नेतोय म्हणाले."

सुनेला म्हणाले. मला नाय सांगितलं, परक्या पोरीला सांगितलं.

मी खांद्याला हात लावला. "अवो, पोराचा फोन हाय." मान खिडकीकडं कललेली, ती तशीच. हात धरला, गार लागला. त्या एसीत सगळंच गार होतं, म्हणून पुन्हा धरला. मग नाकापाशी बोट नेलं.

"आई, दिलास का?"

"योगेश," मी म्हणलं, "वर गेले रे."

"अगं हो, कळलं! आता नाही फसत मी. दे ना त्यांना."

दुसरा शब्द माझ्या तोंडात येईना. कितीतरी शब्द हायेत त्याला, एक बी येईना. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. का लावला, ते मला विचारू नका. "नाना, चुकलं माझं," एवढं ऐकू आलं. पुढचं मी ऐकलं नाय. ते त्यांचं त्यांचं होतं. ती पोरगी आधी हसली, मग ह्यांच्या तोंडाकडं बघून उठून उभी राहिली.

तेवढ्यात गाडी घाटातल्या बोगद्यात शिरली आन फोन तुटला. मी ह्यांचा हात धरून बसून राहिले. बोगदा सरला की दरी दिसायची, हिरवीगार, पार खालपर्यंत. ह्यांना हवी होती तशी खिडकी.

कसारा आलं तवा फोन पुन्हा वाजला. योगेशचा आवाज मोकळा झालेला, लहानपणी शाळेतून धावत यायचा तसा.

"आई, तुटला बघ मघाशी. काय म्हणाले गं नाना?"