बशीतली बायको

"तुम्ही इथे बसून काय करणार? डॉक्टरांना कात्री धुऊन देणार?" ऑपरेशनचा हिरवा झगा घालून खाटेवर बसलेल्या बायकोने विचारलं. "त्यापेक्षा प्रयोगशाळेत जा. बंद दाराकडे बघत बसण्यापेक्षा तिथे निदान मी दिसेन तरी. इथे ताई आहे ना."

बशीवाले उठले आणि प्रयोगशाळेकडे निघाले.

प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये जिवंत पेशी वाढवायच्या, हे त्यांचं काम; म्हणून सगळे त्यांना बशीवालेच म्हणायचे. त्यातल्या एका बशीत बायकोच्या कातडीच्या पेशी होत्या. ती बशी एका बंद पेटीत असायची आणि तारांनी यंत्राला जोडलेली. माणसापासून वेगळ्या केलेल्या पेशींनाही त्याचं सुखदुःख दुरून कळतं, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं, म्हणजे सरांचं, म्हणणं. म्हणून बायकोने घरी ठरल्या वेळी चिडायचं आणि इकडे सरांनी यंत्राचा काटा बघायचा. पण ठरवून चिडणं तिला कधी जमलंच नाही. नणंदेला आठवूनसुद्धा शेवटी हसूच यायचं. काटा कधी हलायचा, कधी ढिम्म. लोक सरांची टर उडवायचे. बशीवाल्यांचा मात्र सरांवर जीव होता.

"आज काय ते ठरेल," सर म्हणाले. "वहिनी भुलीत असणार, ठरवून काही करणं नाहीच. आता मनाचे खेळ म्हणायची कुणाची छाती होणार नाही. फक्त पेटीला हात लावू नका, बशीवाले. हाताची ऊब लागली तरी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात."

काटा थरथरत होता. मग मंदावला. मग थांबला.

सर पुढे वाकले. बशीवाले पेटीकडे झेपावले. यंत्र बिघडलं असेल, तार सैल झाली असेल, असलं काही त्यांना सुचलंच नाही. त्यांनी पेटी उघडली, बशी बाहेर काढली आणि तळहातावर घेतली.

"अगं, आहे मी इथे," ते म्हणाले.

सरांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी निसटलेल्या तारांकडे पाहिलं, बशीवाल्यांकडे पाहिलं. मग हात लांबवून यंत्राचं बटण बंद केलं.

"नीट धरा," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी."

बऱ्याच वेळाने फोन वाजला. सरांनीच तो बशीवाल्यांच्या कानाला लावला.

"भाऊजी, आली हो शुद्धीवर! सगळं ठीक आहे," मेव्हणी म्हणाली. "आल्या आल्या विचारतेय, काटा हलला का?"

बशीवाल्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं.

"सांगा त्यांना," सर म्हणाले, "आम्ही बघत नव्हतो."