ठकुबाईचा धवला माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक ब्लू-रे डिस्क हाय. तुम्ही सीडी म्हणा, सगळे तेच म्हणतात. आता अंगावर चरे पडलेत, पण एके काळी माझा जाम तोरा होता.

सन दोन हजार सातला खारबावच्या मनोजशेठच्या मुलीचं लग्न झालं. शूटिंगवाल्या हिरामणनं विचारलं, "शेठ, साधी डीव्हीडी बनवू?"

"साधी? येवरा मांडव घातलाय, तो साधा दिसतंय काय तुला? सगल्यात भारी कर!"

म्हणून मी मुंबईच्या एका स्टुडिओत जन्मले. नवरीच्या कानामागची हळदसुद्धा दिसावी, इतकं माझं चित्र स्वच्छ. शेठनं मला गावभर मिरवली. बघितली मात्र कोणीच न्हाय. मला चालवील असा कॉम्प्युटरच कुठं मिळेना. "येईल आता बाजारात," सगळे म्हणाले. हिरामणनं तर सीझनच्या घाईत शूटिंगची मूळ टेप पुसून तिच्यावर दुसरं लग्न घेतलं. शूटिंगवाले तेच करायचे. तो स्टुडिओही पुढं बंद पडला. उरले मी एकटी.

माझ्या पोटात ठकुबाई होती. ठकुबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, तेव्हा कुठं लग्न लागल्यासारखं वाटतं. तिचा हळदीचा धवला दुसऱ्या कोणाला येत न्हवता. लेक चंद्रा म्हणायची, शिकेन सावकाश. तेवढ्यात ठकुबाईला लकवा मारला. वाचा गेली, कान शाबूत राहिले. चंद्रानं ठरवलं, माझ्यावरून धवला ऐकायचा, आईपुढं गायचा, चुकला तर आई मान हलवेल.

ती मला शेठकडून मागून धामणकर नाक्याला भाविकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेली. भाविकनं कॉम्प्युटरच्या कंपनीला फोन लावला. "ताई, पुढच्या मॉडेलात येईल बोलतात."

पुढचं मॉडेल आलं. डबा नवा, आतला ड्राइव्ह जुनाच. मनोजशेठनं टीव्हीचा प्लेअर आणला, तो मला आत घेऊन परत बाहेर थुंकला. मग मला वाचणारा ड्राइव्ह आला, तर दाखवणारा प्रोग्राम न्हाय. जाहिरातीत मात्र माझं नाव मोठ्ठं, चकचकीत! शेवटी प्रोग्रामही आला. चंद्रानं आईला रिक्षात घालून दुकानात आणली. पडद्यावर ठकुबाई दिसली, चित्र अडखळत, थांबत. तिनं तोंड उघडलं.

आवाजच न्हाय.

"आवाज पुढच्या अपडेटला," भाविक खाली बघून बोलला.

"अपडेट येल रं मेल्या. पुढची आई कुठशी आनू?"

ठकुबाई पडद्यावरच्या आपल्या मुक्या तोंडाकडं बघून तिरक्या ओठानं हसली. मला त्या ड्राइव्हमध्येच तडकून जावंसं वाटलं.

अपडेट आलं, तेव्हा ठकुबाईचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं. आता आवाज खणखणीत. चंद्रा ऐकत बसली, मागोमाग गात बसली. पण मधल्या दोन ओळी मांडवातल्या बेंजोखाली दबल्यात. तिनं त्या एकदा अशा गाऊन बघितल्या, एकदा तशा. बरोबर कुठल्या, ते सांगायला मान हलवणारं कोणी न्हवतं.

मित्रांनो, नव्या वस्तू खुशाल बनवा. पण त्या चालवायची सोय झाल्याबिगर माणसाची शेवटची ठेव त्यांच्या हवाली करू नका. ज्याला गाता येतं, त्याच्यापाशी आजच बसा.

चंद्रा आता लग्नांत धवला गाते. त्या दोन ओळी आल्या की ती गप्प राहते. बायकांना वाटतं, दम घेते.