गळाची मरळ

गिरजाने आपलं घमेलं हातभर पुढे ओढलं. आता गोंडपिपरीच्या बाजारात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला शेजारच्या आबिदाचं घमेलं दिसणार नव्हतं. मुसलमान मोहल्ल्यातली आबिदा तीन आठवड्यांपासून मासोळी घेऊन बसत होती, आणि पिढीजात मासेमार ढिवराच्या गिरजाचं अर्धं गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं होतं.

"मास्तर, इकडे या," तिने प्रफुल मास्तरांना हाक मारली. "तिकडची मासोळी कोंबडीची घाण खाल्लेली हाये. हे गावतळ्यातली."

"मले आपल्या लोकायचीच पाह्यजे. बायको बाळंतीण हाये."

आबिदाने ऐकलं. ती मरळींवर पाणी शिंपडत राहिली.

तेवढ्यात एक मोकाट गोऱ्हा कोबीचं पान ओढत मधून घुसला आणि दोन्ही घमेली उलथली. जिवंत मरळी चिखलात उड्या मारू लागल्या.

"गिरजाबाई, पकडा नं! तुमची नालीत चालली!"

"तुमची पयले पाहा, तुमच्या ओढणीत हाये!"

आबिदा किंचाळून नाचू लागली. गिरजाला इतकं हसू आलं की हातातली मरळ पुन्हा निसटली. शेवटी सगळ्या एकाच घमेल्यात आल्या.

"यातली आपली कोणती?" मास्तरांनी विचारलं.

सगळ्या काळ्या, सगळ्या तोंड वासून. गिरजाने एक उचलली.

"हे. पाठ पाहूनच ओळखते मी."

पावशीच्या पात्यावर डोकं दाबताना तिचा अंगठा मरळीच्या ओठावरच्या भोकात गेला. गळाचं भोक. तिचा नवरा मनसाराम जन्मभर जाळं टाकत आला होता; गळ टाकायचा तो आबिदाचा नवरा, गुलाम रसूल.

आबिदानेही पाहिलं. तिने राखेची पुडी पुढे सरकवली.

"हात घसरन, बाई. राख लावा."

मास्तर गेल्यावर गिरजाने त्यांच्या नोटा आबिदाच्या तराजूत टाकल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

पुढच्या बाजारी मास्तर लांबूनच हसत आले.

"काय चव होती, गिरजाबाई! या मोहल्लेवाल्यायच्या मासोळीले येनार हाये का अशी?"

आबिदाने ओढणी तोंडावर धरली. तिचे खांदे हलत होते.

"आयकलं का, आबिदाबाई?" गिरजा म्हणाली. "मास्तर तुमच्या मरळीचं कौतुक करून राह्यले."