वाफमामांचा काटकसरीचा महिना

अख्खं सरकारी इस्पितळ त्यांना वाफमामा म्हणायचं. तीस वर्षं ते बॉयलर सांभाळत होते. सकाळच्या उन्हात ते तळघराच्या पायऱ्या चढून वर आले, की त्यांच्या मागोमाग थोडी वाफही वर यायची, पाळलेल्या मांजरासारखी. मग वॉर्डांमधली लांब मार्गिका धूसर व्हायची, खिडक्यांतून दुधी उजेड आत यायचा आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं अर्धी दिसायची, अर्धी विरून जायची. मामांना वाटायचं, आपण इमारतीत नाही, कुणाच्या तरी झोपेत नोकरी करतोय.

स्वप्न छान होतं, पण गळकं होतं. जुन्या नळ्यांतून वाफ वाटेतच निसटायची आणि टोकाच्या नवजात बाळांच्या वॉर्डपर्यंत पोचेस्तोवर तिच्यात जीव उरायचा नाही. त्या वॉर्डच्या सिस्टर म्हणजे मामांचीच बायको. बाळांना दुहेरी गुंडाळता गुंडाळता ती मेटाकुटीला आली होती.

"हा हिवाळा कसाबसा निघेल," ती म्हणाली, "पुढचा नाही हो निघायचा."

तेवढ्यात एका कंपनीने तयारी दाखवली. नवा बॉयलर, नव्या नळ्या, दुहेरी काचा, सगळा खर्च कंपनीचा. पुढे इंधनाचं बिल जेवढं कमी येईल, त्यातूनच तिने आपले पैसे वसूल करायचे. इस्पितळाला पदरचं काही घालायला नको. आधी फक्त महिनाभर मोजायचं, आत्ता इंधन किती जळतं ते.

कंपनीच्या मोजणीवाल्या बाई मीटर लावून गेल्या आणि मामांच्या अंगात आलं. बाहेरची माणसं बघणार आणि आपल्याकडे असा गलथान कारभार? छे! महिनाभर त्यांनी जिवाचं रान केलं. गळक्या जोडांना चिंध्या बांधल्या, दिवे मालवत फिरले, दुपारभर बॉयलर मंद ठेवला. सिस्टरने कुरकुर न करता बाळांना तिसरं दुपटं गुंडाळलं.

महिना संपल्यावर कमी आलेलं बिल बघून मोठ्या डॉक्टरांनी मामांची पाठ थोपटली. तीस वर्षांत पहिल्यांदा! मामा तरंगतच खाली निघाले होते, तर बाईंनी हाक मारली.

"मामा, तुमच्याकडे इंधन फारच कमी जळतं. मग नव्या यंत्राने वाचणार काय? कंपनी पैसे घालायची नाही आता."

शहाणपणा असा अंगाशी आला. पाठीवरची थाप अजून ऊबदार होती आणि गप्प बसलं तर ती तशीच राहणार होती. मामा टोकाच्या वॉर्डात गेले. एका बाळाचा पाय दुपट्यातून बाहेर आला होता. मामांनी बोट लावलं. एवढासा पाय गारठला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ते तसेच परतले. "बाई, तो महिना खोटा होता. मी गळती झाकली. चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून."

बाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "पुन्हा मोजते. पण या वेळी नेहमी चालतं तसंच चालू द्या. कशालाही हात लावायचा नाही."

मामांनी एकेक चिंधी सोडली. मार्गिका पुन्हा धूसर झाली. तो महिना त्यांनी कसा काढला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. शेवटच्या सकाळी टोकाच्या वॉर्डासमोर बाई आकडे उतरवून म्हणाल्या, "आता जमलं. संध्याकाळी मीटर काढते. पुढच्या थंडीआधी नळ्या बसतील." तेवढ्यात मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन समोरून येताना दिसले. नेमका डोक्यावरचा जोड फुसफुसायला लागला. मामांचा हात सवयीने खिशातल्या रुमालाकडे गेला.

वॉर्डाच्या दारातून पुढे येऊन सिस्टरने तो हात मनगटाशी धरला. "राहू द्या. अजून मीटर चालू आहे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

वाफ सगळ्यांच्या अंगावरून गेली. सिस्टरची बोटं थंडगार होती. मामांनी रुमाल सोडून दिला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.