कोरडा नळ

लेझरने वाकून बुटाची नाडी बांधली आणि तो तसाच थबकला. बुटाला हात लागला होता. आता हात धुतल्याशिवाय प्रार्थनेला उभं राहता येणार नव्हतं. तो ज्यू प्रार्थनाघराच्या बोळातल्या नळाकडे धावला. नळ फिरवला, पण थेंबही आला नाही.

"थंडीने पाइप फुटलाय," झेलिग दारात येऊन म्हणाला. प्रार्थनाघराची देखभाल तोच बघायचा. लेझरचा लहानपणापासूनचा मित्र. "चल आत. अँटवर्पचा सूर्य तुझ्यासाठी थांबायचा नाही."

ट्रामच्या तारांमागे ऊन पिवळं पडलं होतं. ते जायच्या आत प्रार्थना व्हायला हवी होती. त्याच्या बायकोला, ब्लूमाला, जाऊन आज वर्ष झालं होतं. तिच्यासाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने करायची प्रार्थना, म्हणायचं तर दहा पुरुष लागतात, आणि लेझरला धरून दहाच जमले होते.

"घरी जाऊन हात धुऊन येतो."

"वेडा का काय तू? येईपर्यंत अंधार पडेल."

"झेलिग, ती आजारी असताना मी तिच्या उशाशी प्रार्थना करायचो. तिचं सगळं पुसायचो. मधे हात धुतले की नाही, आठवतच नाही. म्हणून तर देवाने ऐकलं नसेल? आजचंही नाही ऐकलं, तर ती कुठे जाईल रे?"

"पाणी नसलं आणि वेळ टळत असली की हात कशावरही पुसले तरी चालतात. हे शिकवलं तेव्हा झोपला होतास?"

"पण पुसून भागतं, याची खात्री काय?"

"खात्री मलाही नाही. नियम आहे, एवढं ठाऊक आहे."

आतून कुणीतरी ओरडलं, "लेझरभाऊ, येताय की मुक्कामाला अंथरुणं मागवू?"

लेझरने भिंतीच्या गिलाव्यावर तळवे घासले. कातडी चुरचुरली, तरी घासतच राहिला. शेवटी झेलिगने त्याला दंडाला धरून आत नेलं.

प्रार्थना झाली. कद्दिश म्हणायला तो उभा राहिला आणि पहिल्याच ओळीला टोपीखाली खाज सुटली. डोकं खाजवलं की हात पुन्हा बाटणार. नको नको म्हणताना हात वर गेलाच. झेलिगने तो मध्येच पकडला आणि सोडला नाही. आता माझ्या न धुतलेल्या हाताने ह्याचाही हात बाटला, लेझरच्या मनात आलं.

"आमेन," सगळे म्हणाले आणि त्याच्या पुढच्या ओळीसाठी थांबले. त्याने ती म्हटली.