परातीतली नदी

रूपालीला नदी हवी होती ती कोरडीठाक. जयपुरात, मुरलीपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात तिने आईच्या मोठ्या परातीत माती थापून वर्ध्याकडची आपल्या गावची नदी उभी केली होती. काड्यापेटीच्या काड्यांचा पूल, काथ्याच्या बाभळी. माती तडकली की अगदी जवळून फोटो घ्यायचा, बघणाऱ्याला वाटावं खरीच नदी आटली. प्रदर्शनवाल्यांना ती फोटो कबूल करून बसली होती. माती लवकर वाळावी म्हणून तिने परातीला भोकंसुद्धा पाडली. हौसेला मोल नसतं म्हणतात; पुष्कळदा अक्कलही नसते.

पण माती तडकेना. रोज सकाळी ओलीच. आधी तिने कूलरला दोष दिला, मग शेजारच्या मांजरीला.

चोर घरातच निघाला. तिचे वडील भीमराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, हल्ली माणसं विसरायचे. नदी मात्र त्यांनी बरोबर ओळखली होती. रूपालीने प्यायला दिलेला प्रत्येक पेला ते त्या नदीत ओतत होते आणि स्वतः जेमतेम घोटभर घेत होते. मे महिन्यातलं जयपूर, भिंतीसुद्धा तापलेल्या. आज ते उठता उठता कोसळले, तेव्हा कुठे हे तिच्या ध्यानात आलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत घोट घोट पाजत राहा, नाहीतर हाती लागायचे नाहीत, असं डॉक्टर फोनवर म्हणाले.

ही खोटी नदी आहे, असं तिने परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. परात लपवली, तर नदी कुठे नेली म्हणून ते हमसून रडू लागले. तिला स्वतःचीच किळस आली. शेवटी तिने परात खाटेशी आणली आणि टँकरच्या पाण्याची उरलेली एकुलती बादली उचलली.

"बघा बाबा, भरली."

पाणी काठोकाठ चढलं. पूल तरंगू लागला. भीमराव हसले, त्यांनी तोंडही उघडलं. तिने पेला ओठांना लावेपर्यंत परातीखालून धार लागली होती, फरशीवर ओघळ गेला आणि माती पुन्हा वर आली. त्यांनी ओठ मिटून घेतले.

तिने भोकांत कणीक दाबली, ओढणी कोंबली, पुन्हा ओतलं, पुन्हा. सगळं झिरपून गेलं. बादलीचा तळ लागला. घरात आता हातातल्या पेल्यातलंच पाणी तेवढं उरलं होतं.

"प्या ना बाबा. पाया पडते तुमच्या."

"थांब बाई," ते कोरड्या जिभेने पुटपुटले. "तिचं पोट नाई भरलं अजून. तो पेला तिले दे."